चार मुलं, एक आई आणि घरची शाळा: दिवस कसा बसवायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पाच एकर कोरडवाहू शेती आहे. मुलं चार: नऊ वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा, साडेचार वर्षांचा धाकटा आणि आठ महिन्यांचं बाळ. यंदापासून मुलांना घरीच शिकवायचं दोघा नवराबायकोंनी ठरवलं. सकाळी नऊ ते एक असं तासिकांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आणि ते चौथ्या दिवशी मोडलं. एकाला जवळ घेतलं की दुसरा भांडण काढतो, तिसरा मोठ्या बहिणीची पाटी पुसून टाकतो, बाळ रडायला लागतं. सासूबाई म्हणतात, "पोट्टे दिवसभर नुसते हुंदडून राहिले." ताईंना हवंय ते एवढंच की दिवस नेमका कसा बसवायचा, ते कुणीतरी सांगावं.

मी आर्वीकडच्या एका खेड्यात राहते. लग्नाआधी सहा वर्षं एका द्विशिक्षकी शाळेत शिकवलं. गेली बारा वर्षं माझी तीन मुलं आणि जावेची एक मुलगी अशी चौघं आमच्या ओसरीवर शिकली. मोठी आता सोळा वर्षांची आहे, तिनं मुक्त विद्यालयातून दहावी केली. धाकटा नऊ वर्षांचा आहे. त्याच्या जन्माच्या वेळी बाकीची सात, पाच आणि चार वर्षांची होती, म्हणजे तुमच्या आजच्या घरासारखंच घर होतं. तेव्हा जे निभलं आणि जे फसलं, त्यावरून लिहिते.

ताई, तुमचं वेळापत्रक विषयांचं होतं. नऊ ते पावणेदहा मराठी, मग गणित, मग परिसर. एका वयाची मुलं एका वर्गात असली की अशा तासिका चालतात. तुमच्याकडे चार वयं आहेत आणि शिकवणारी एकच. खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी रोज याच पेचात असतात: पहिली ते चौथी चार वर्ग आणि माणसं दोन. तिथं पहिल्याच महिन्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आज काय शिकवायचं हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवावं लागतं की या घटकेला माझं लक्ष कुणाकडे आहे आणि उरलेल्यांच्या हातात काय आहे. घरी हेच दुपटीनं खरं ठरतं, कारण तुमच्याकडे चूलही आहे आणि अंगावर पिणारं बाळही. तुमच्याजवळ सगळ्यात कमी काय असेल तर ते तुमचं लक्ष. वाटणी त्याची करायची आहे.

ही वाटणी कशी करायची हे घरागणिक बदलेल, म्हणून आधी ते सांगते. सासूबाई बाळाला तासभर सांभाळतात का? नळाला पाणी कधी येतं? तुमचे मालक सकाळी घरी असतात की पहाटेच वावरात जातात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही स्वतः रोजानं कामाला जाता का? आठवड्यातले चार-पाच दिवस तुम्हाला निंदणाला किंवा वेचणीला जावंच लागत असेल, तर मी स्पष्ट सांगेन की मोठ्या दोघांना गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला आणि संध्याकाळचा तास घरच्या शिकण्याला द्या. त्यात काही कमीपणा नाही. घरी शिकवायला रोज सकाळी दोन तास शांत बसलेलं एक मोठं माणूस लागतंच. तुम्ही घरी असता असं धरून पुढचं लिहिते.

दोन तास वाचून दचकू नका, त्याहून जास्त खरंच लागत नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला तुमची पंधरा मिनिटं पुरतात. सात वर्षांच्याला पस्तीस-चाळीस मिनिटं आणि नऊ वर्षांच्या मुलीला पाऊण तास. शाळेच्या पाच तासांतला बराच वेळ हजेरी, रांग, फळ्यावरून उतरवणं आणि इतरांचं होईस्तोवर थांबणं यात जातो. एका मुलाजवळ मांडीला मांडी लावून बसलेली चाळीस मिनिटं फार लांब जातात. घड्याळात नऊ ते एक भरून काढायचा हट्ट मी दुसऱ्या वर्षी केला होता. त्या दीड महिन्यात मी रोज ओरडत होते आणि मोठी वही लपवायला लागली होती. तिची ती गादीखाली सरकवलेली वही सापडली, त्या दिवशी मी भिंतीवरचा कागद काढला.

कागदाऐवजी दिवस खुंट्यांवर टांगा. तुमच्या घरात काही गोष्टी रोज होतातच: दूध काढणं, न्याहारी, बाळाची सकाळची झोप, दुपारचं जेवण, दिवेलागण. शिकण्याचा प्रत्येक तुकडा यांतल्या एकेका खुंटीला बांधायचा. म्हणजे पाणी उशिरा आलं किंवा पाहुणे आले तर दिवस सरकतो, पण मोडत नाही. "न्याहारी झाली की बैठक" हे साडेचार वर्षांच्या मुलाला कळतं, "सव्वाआठ वाजले" हे त्याला कळत नाही.

आमचा दिवस असा होता. सकाळी मुलं उठली की आधी कामं. प्रत्येकाचं एक आणि महिनाभर तेच. एक अंगण झाडी, एक कोंबड्या सोडून दाणे टाकी, लहानगा माठाजवळचे पेले भरून ठेवी. मग न्याहारी आणि न्याहारीनंतर ओसरीवर सगळ्यांची मिळून बैठक, बाळ मांडीवर. वीस मिनिटं. एक अभंग किंवा कविता, आजची तारीख आणि तिथी, आज ऊन की आभाळ, काल वावरात काय पाहिलं, आणि शेवटी गोष्टीचं एक पान. साडेचार ते नऊ वयाची मुलं ही बैठक एकत्र करू शकतात, कारण एकाच गोष्टीतून प्रत्येक जण आपल्यापुरतं घेतो. लहान्याला बैल दिसतो, मधल्याला शब्द ऐकू येतात, मोठी "असं का केलं त्यानं?" असं विचारते. काही कारणानं दिवसातलं एकच काही करता येणार असेल, तर ही बैठक करा.

बैठक संपली की सगळ्यात धाकटा आधी. तुम्ही बहुधा उलट केलं असेल. मोठीचा अभ्यास महत्त्वाचा म्हणून तिला आधी घेतलं आणि लहान्याला "तू खेळ" म्हटलं. मीही तेच करत होते. लक्ष न मिळालेलं लहान मूल ते मिळवल्याशिवाय राहत नाही, मग पाटी पुसूनही मिळवतं. त्याला आधी पोटभर पंधरा मिनिटं द्या, तेवढा वेळ दुसऱ्या कुणाकडे पाहू नका. त्याच्याशी बोला, बोटानं धान्यात अक्षर काढा, एक बडबडगीत म्हणा. पोट भरलेलं वासरू जसं आपणहून बाजूला होतं तसा तो पुढचा अर्धा-पाऊण तास बाजूला होईल.

त्याच्या हाताला काम मात्र ठरलेलं हवं. तूर, चणे आणि ज्वारी मिसळून तीन डब्यांत वेगळी करायला द्या. वाटीनं एका डब्यातलं धान्य दुसऱ्यात ओतायला द्या. सुतळीच्या गाठी मारणं आणि सोडणं त्याला फार वेळ पुरतं. पोळ्याच्या आधीचे आठ दिवस तर आपल्या काळ्या मातीचे बैल करण्यातच जावेत, तान्ह्या पोळ्याला ते मिरवता येतात. बाळ रांगायला लागलं की दाण्यांचा पसारा जमिनीवर नको, बाजेवर किंवा उंच ओट्यावर मांडा. चणा-तूर बाळाच्या नाकात-घशात जायला क्षणही लागत नाही.

तुमच्या गावात अंगणवाडी नीट चालत असेल तर साडेचार वर्षांच्या मुलाला सकाळचे दोन तास तिथं पाठवा. घरी शिकवायचं म्हणजे सगळं घरीच, असा नेम करू नका. त्याला सोबती मिळतील, आहार मिळेल, आणि तुमची सकाळ निम्म्यानं हलकी होईल. बाळाचं लसीकरण आणि वजन तर अंगणवाडीतून आणि आशाताईंकडून व्हायलाच हवं.

मग मधला. सात वर्षांच्या मुलाचं वाचन ही या वर्षीची तुमची सगळ्यात मोठी जबाबदारी समजा. तो वाचायला लागला की दोन वर्षांत तुमच्या घराची घडी बदलेल, कारण मग तो स्वतः शिकू शकेल. त्याच्यासोबत बसाल तेव्हा मोठी स्वतःचं काम करत असेल. इथं एक नियम मी कधी मोडला नाही: तुम्ही दुसऱ्याजवळ बसलेल्या असताना मुलाला द्यायचं काम कालच शिकलेलं हवं, आज नवं काढलेलं चालत नाही. नवं काम दिलं की मूल दर दोन मिनिटांनी "आई, आता काय?" विचारत येतं आणि दोघांचाही वेळ जातो. काल जमलेली गणितं आज पाच सोडवणं, वाचलेल्या धड्यातली चार वाक्यं सुंदर अक्षरात उतरवणं, लहान भावासाठी एक चित्र काढून खाली दोन ओळी लिहिणं, असं द्या. आदल्या रात्री पाच मिनिटं काढून हे पाटीवर मांडून ठेवा. सकाळी शोधाशोध सुरू झाली की बैठकीत मिळालेली शांतता हातची जाते.

बाळाची सकाळची झोप ही मोठीची वेळ. दहाच्या सुमारास बाळ तास-दीड तास झोपत असेल. तेव्हा भागाकार, अपूर्णांक, निबंध, जे काही अवघड असेल ते घ्या. तोवर मधला बाहेर आणि धाकटा दाण्यांत. झोप झाली नाही तर तो दिवस सोडून द्या, उद्या बघा. दात येत असलेल्या आठवड्यात मी मोठीला अवघड गणित काढूच देत नसे. नुसतं वाचन करायची ती.

आता जे सांगते त्यासाठीच हे एवढं लांब लिहायला बसले. बाळ रडलं की तुमचा हात आपोआप नऊ वर्षांच्या मुलीकडे जाईल: "घे गं जरा याला." आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या मुलींच्या शाळा अशाच सुटल्या, कडेवरच्या भावंडापायी. माझ्या घरातही तेच होत होतं. धाकटा झाला त्या वर्षी मोठी सात वर्षांची, समजूतदार, न मागता बाळाला घेणारी. दिवाळीनंतर एक दिवस तिची वही चाळली तर आषाढापासून पानं जवळजवळ कोरी. तिनं कधी तक्रार केली नव्हती. मी तिला शहाणी म्हणत होते आणि तिचं वर्ष जात होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: बाळ सांभाळायची पाळी एका वेळी वीस मिनिटांची, दिवसातून एकदा, आणि ती मुलगा-मुलगी दोघांना सारखी. तुमच्या सात वर्षांच्या मुलालाही बाळ सांभाळता येईल. तुम्ही शेजारीच असता, त्यानं फक्त खुळखुळा वाजवायचा आणि बाळावर नजर ठेवायची. मुलीची वही दर शनिवारी स्वतः उघडून बघा.

दुपारचं जेवण झालं की एक तास घर शांत. झोपायचं असेल त्यानं झोपावं, नाही तर पुस्तक घेऊन पडावं, पण बोलायचं नाही. हा तास तुमच्यासाठीही आहे. बाळासोबत पाठ टेका. दुपारनंतर मी काहीही शिकवत नसे. चार वाजता वावरात किंवा गोठ्यात, पाचनंतर शाळेतून आलेल्या गावच्या पोरांसोबत खेळ. या खेळाला वेळापत्रकात खरी जागा द्या. घरी शिकणाऱ्या मुलांना भावंडं असली तरी सवंगडी लागतात, आणि खेड्यात ते सहज मिळतात. आमच्याकडे बंजारा तांड्यावरची दोन मुलं रोज येत. त्यांच्याकडून माझी मुलं त्यांच्या गोरमाटी बोलीतलं मोजणं शिकली. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणायला मोठीला घरोघर जाऊ द्या. महिनाभर रोज गाणी पाठ होतात, आणि झाकलेली खिरापत ओळखताना "गोड की तिखट, ओलं की कोरडं" विचारत लहानगीसुद्धा प्रश्न करायला शिकतात.

तर आतापर्यंतचं एका दमात: कामं, न्याहारी, सगळ्यांची बैठक, धाकट्याची पंधरा मिनिटं, मधल्याचं वाचन, बाळाच्या झोपेत मोठी, जेवण, शांत तास, मग मोकळं. दिवेलागणीनंतर पुन्हा एक गोष्ट, आणि ती शक्य तर बाबांनी वाचायची. वीज गेली तरी कंदिलाजवळ गोष्ट चालते.

काय शिकवायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण दोन ठिकाणी सगळे अडतात म्हणून लिहिते. पहिलं भाषेचं. मुलगा लिहील: "बैल पाणी पिऊन राहिला." त्यावर लाल रेघ मारू नका. आपण घरी असंच बोलतो आणि ती भाषा चुकीची नाही. आधी त्याच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी वहीत लिहा आणि तीच त्याला वाचायला द्या. स्वतःचं बोलणं कागदावर वाचता येतंय हे पाहून मुलाचे डोळे कसे चमकतात ते बघाल. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या शेजारी लिहा: "बैल पाणी पितो आहे." पुस्तकात असं लिहितात, घरी आपण तसं बोलतो, हा फरक सात वर्षांच्या मुलाला छान कळतो. अक्षरांसाठी अ-आ-इ-ई क्रमानं जायची गरज नाही. ग-म-भ-न ही सारख्या वळणाची अक्षरं आधी घ्या, काना जोडा, आणि चौथ्या दिवशी तो "मामा", "नाग", "भाग" वाचत असेल. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण लहान मुलाच्या हातात छापील पुस्तकच द्या.

दुसरं संख्यांचं. "त्रेसष्ट" ऐकलं की मूल ३६ लिहितं, कारण तोंडातून तीन आधी येतात आणि साठ नंतर. "एकोणपन्नास"मध्ये तर चारही ऐकू येत नाही आणि नऊही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "साठ तीन" अशी पद्धत आली तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. माझा अनुभव असा की दोन्ही हवं. तुराट्यांचे हातभर तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधा. सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या आणि "साठ तीन" म्हणा. जुड्या बांधता-सोडता महिना गेला की मग "यालाच बाजारात त्रेसष्ट म्हणतात" असं सांगा. उलटा आकडा लिहिणं आमच्याकडे जुड्यांमुळेच थांबलं.

शेतातून शिकवणं तुमच्या मनात असेलच, घरी शिकवणाऱ्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या मनात ते असतं. आपण वर्ध्याच्या शेजारी राहतो. १९३७ च्या ऑक्टोबरात इथंच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा गांधीजींचा विचार देशापुढे आला. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला आणि तो नई तालीम म्हणून ओळखला गेला. आमचा एक धडा सांगते. घरच्या कापसातला पन्नास ग्रॅम कापूस तोलून घेतला आणि चौघांनी मिळून सरकी हातानं सोडवली. धाकट्यानं नुसती सोडवली. मधल्यानं सरक्या दहा-दहाच्या ढिगांत मोजल्या, तीनशेच्या वर भरल्या. मोठीनं सरकी काढून उरलेली रुई तोलली, ती साधारण एक तृतीयांश भरली, आणि मग तिनं विचारलं की आपण विकतो त्या क्विंटलात रुई किती जाते. एक क्विंटल म्हणजे शंभर किलो आणि त्याचा तिसरा भाग. भागाकारात बाकी का उरते ते तिला त्या दिवशी कळलं. वावरातल्या ओळी आणि ओळीतली झाडं मोजून पाढे येतात, दुधाच्या हिशेबाच्या वहीतून बेरीज येते.

पण मुलीला दिवसभर वेचणीला नेऊन त्याला शिक्षण म्हणू नका. तासभर नेलं, मोजलं, बोललं आणि परत आणलं तर शिक्षण. ओटी बांधून दिवसभर वेचलं तर ती मजुरी. हा फरक आपल्याला स्वतःशी प्रामाणिक राहून पाळावा लागतो, कारण हंगामात माणसं कमी पडतात आणि मुलं हाताशी असतात. फवारणीच्या दिवशी तर मुलांनी वावराकडे फिरकायचंही नाही, आणि औषधाचे डबे कुलुपात. २०१७ साली तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत माणसं गेली. दिवसभर घरी असणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

वर्षभर एकच दिवसक्रम चालणार नाही. जून-जुलैत पेरणी, मग डवरणी-निंदण, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, पुढे थंडीभर वेचणी. सोंगणीच्या आठ-दहा दिवसांत मी फक्त सकाळची बैठक आणि रात्रीची गोष्ट ठेवत असे, बाकी सगळं बंद. त्याची खंत करू नका, थंडीत ते भरून निघतं. आपल्याकडे शिकायला सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोवळ्या उन्हात अंगणात चटई टाकली की मुलं उठायला मागत नाहीत. मार्चच्या मध्यापासून सगळं सकाळी साडेसहाला सुरू करा आणि नऊला संपवा. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी कुणाच्याही डोक्यात अपूर्णांक शिरत नाही. त्या दिवसांत अंधाऱ्या खोलीत पाणी शिंपडून लांबलचक गोष्टी वाचा. मोठ्या गोष्टीचं पुस्तक संपवायला मे महिन्यासारखा महिना नाही.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याचं कलम १० मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, आणि घरी शिकवण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. म्हणून शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी आले की दार लावून घेऊ नका. बसवा, चहा द्या, वह्या दाखवा. आमच्या गावच्या मुख्याध्यापकांशी मी पहिल्या दिवसापासून बोलत आले, मुलं त्यांच्या स्नेहसंमेलनातही जात. पुढे मुलांना शाळेत घालावंसं वाटलं तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, ती वाट मोकळी आहे. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहे आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. पण तुमची मोठी नऊची आहे, आज त्याची घाई नको. एक वही मात्र आजपासून ठेवा: तारीख, कुणी काय वाचलं, काय केलं, रोज तीन ओळी. गुरुजींना दाखवायला ती लागेल. आपण काहीच करत नाही असं तुम्हाला वाटेल त्या रात्री तुम्हालाही लागेल.

उद्यापासून हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त कामं आणि बैठक. दुसऱ्या आठवड्यात धाकट्याची पंधरा मिनिटं जोडा. ती बसली, दाण्यांचा डबा त्याच्या अंगवळणी पडला की मग मधल्याचं वाचन. मोठीचा तास चौथ्या आठवड्यात. तोवर तिला वाचायला भरपूर द्या, तिचं काही बुडत नाही.

आणि सासूबाई. त्यांना समजावून सांगत बसू नका. मी दोन वर्षं समजावलं आणि घरात ताणच वाढला. मग मोठी वाचायला लागल्यावर मी तिला एक काम दिलं: रोज दिवेलागणीला आजीजवळ बसून हरिपाठाचे दोन अभंग वाचून दाखवायचे. पुढे दुधाची वही आजी तिच्याकडून लिहून घ्यायला लागल्या, कुणाकडे किती लिटर, कुणाचे किती राहिले. एका संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि पोरं शाळेत का जात नाहीत असं विचारायला लागल्या. मी चुलीजवळ होते, उत्तर द्यायला उठले. तोवर ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "थांब, पोरगी वाचून राहिली, तेवढं होऊ दे."